विश्लेषण : ‘लहान आहे, विसरून जाईल’ हे खरे का? बालपणीच्या आघाताचा तरुणपणावर नेमका काय परिणाम होतो?

घरात कोणाचा अकाली मृत्यू झाला, रोज रात्री मारहाण होऊ लागली किंवा मुलाच्या बाबतीत एखादा नकोसा प्रसंग घडला, की मोठी माणसे एकमेकांची समजूत घालताना एक वाक्य हमखास म्हणतात, ‘लहान आहे, विसरून जाईल.’ प्रसंगाचे तपशील मूल कदाचित विसरतेही. मात्र त्या काळात त्याच्या शरीराने आणि मेंदूने जी सवय लावून घेतलेली असते, ती सहजासहजी जात नाही. विशीतील झोप, राग, नाती, अभ्यास, व्यसने या सगळ्यांत ती डोकावत राहते. गेल्या तीन दशकांतील संशोधनाने हे दाखवून दिले आहे. त्याच संशोधनाने आणखी एक गोष्ट दाखवली आहे, ती मात्र तितकीशी बोलली जात नाही. घडलेल्या प्रसंगाइतकेच, त्या वेळी आणि त्यानंतर मुलाजवळ कोण होते यालाही महत्त्व असते.

बालपणीचा आघात म्हणजे नेमके काय?

प्रत्येक वाईट अनुभव हा आघात नसतो. शाळेचा पहिला दिवस, परीक्षेतील अपयश, मित्राशी झालेले भांडण यांतून ताण येतो, पण तो मुलाला शिकवूनही जातो. हार्वर्ड विद्यापीठातील ‘सेंटर ऑन द डेव्हलपिंग चाइल्ड’ या केंद्राने ताणाचे तीन प्रकार मांडले आहेत. पहिला असा सकारात्मक ताण. दुसरा सुसह्य ताण. यात प्रसंग गंभीर असतो, उदाहरणार्थ जवळच्या व्यक्तीचा मृत्यू किंवा अपघात, पण मुलाला सावरणारे माणूस सोबत असते. तिसरा विषारी ताण. यात मारहाण, लैंगिक अत्याचार, टोकाची उपेक्षा, घरातील हिंसा किंवा व्यसन असे काही दीर्घकाळ किंवा वारंवार घडत राहते आणि मुलाला आधार देणारे कोणीच नसते. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारातला मुख्य फरक या आधाराचा आहे.

भारतात हे अपवादाने घडते असे समजण्याचे कारण नाही. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात महाराष्ट्र व गोव्यासह १३ राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलण्यात आले. त्यातील दर तीन मुलांपैकी दोघांनी शारीरिक छळ सोसल्याचे सांगितले, तर ५३ टक्क्यांहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक छळ झाल्याचे सांगितले. घरात मार खाणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांना मारणारे त्यांचे आई-वडीलच होते.

हा विषय वैद्यकशास्त्रात आला कसा?

त्याची सुरुवात लठ्ठपणाच्या दवाखान्यात झाली. अमेरिकेत सॅन दिएगो येथे ‘कैसर पर्मनेन्टे’ या आरोग्य संस्थेत डॉ. व्हिन्सेंट फेलिटी १९८०च्या दशकात वजन कमी करण्याचा कार्यक्रम चालवत होते. ज्यांचे वजन चांगले उतरत होते, असेच अनेक जण मध्येच उपचार सोडून जात. हे असे का होते, याचा शोध घेताना त्यांच्यापैकी अनेकांनी बालपणी लैंगिक अत्याचार सोसल्याचे समोर आले. काहींसाठी वाढलेले वजन हे एक प्रकारचे कवच होते.

यातूनच पुढे डॉ. रॉबर्ट अँडा यांच्यासह त्यांनी मोठा अभ्यास हाती घेतला. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या निबंधात ९,५०८ प्रौढांची माहिती होती. त्यांना बालपणीच्या सात प्रकारच्या प्रतिकूल अनुभवांबद्दल विचारण्यात आले. पुढे हे प्रकार दहा झाले. इंग्रजीतील आद्याक्षरांवरून हा अभ्यास ‘एस’ नावाने ओळखला जातो. त्यात सहभागी झालेले बहुतेक लोक नोकरी आणि आरोग्य विमा असलेले मध्यमवर्गीय होते. तरीही त्यांच्यातील निम्म्याहून अधिक लोकांनी किमान एक प्रतिकूल अनुभव नोंदवला. असे चार किंवा अधिक अनुभव असलेल्यांमध्ये, एकही अनुभव नसलेल्यांच्या तुलनेत, नैराश्याची शक्यता साडेचार पटींहून अधिक, मद्याच्या व्यसनाची सुमारे सात पट, तर आत्महत्येच्या प्रयत्नाची सुमारे बारा पट आढळली.

मेंदूत आणि शरीरात काय घडते?

वीज गेली की घरातला इन्व्हर्टर चालू होतो आणि वीज आली की बंद होतो. ही सोय तास-दोन तासांसाठी असते. रोज अठरा तासांचे भारनियमन असेल तर तीच बॅटरी लवकर बाद होते. शरीरातील ताण यंत्रणेचेही काहीसे असेच आहे. धोका दिसला की मेंदूतील ‘अमिग्डला’ हा भाग इशारा देतो, अॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके स्रवतात, हृदयाचे ठोके वाढतात आणि शरीर पळण्यासाठी किंवा लढण्यासाठी सज्ज होते. धोका टळला की सगळे पूर्ववत होते. पण धोका घरातच असेल आणि तो रोज संध्याकाळी सात वाजता दार उघडून आत येत असेल, तर ही यंत्रणा बंद व्हायला वेळच मिळत नाही. काही मुलांमध्ये ती मग क्षुल्लक कारणानेही पेटते, तर काहींमध्ये बोथट होऊन गरज असतानाही पुरेशी चालत नाही.

लहानपणी मेंदूची जडणघडण वेगाने होत असल्याने या परिणामाची खोली वाढते. विचार करून निर्णय घेणे, स्वतःला आवरणे, लक्ष एकाग्र करणे ही कामे करणारा ‘प्रीफ्रंटल कॉर्टेक्स’ हा भाग तर पंचविशीपर्यंत घडत असतो. संशोधक येथे दोन गोष्टींत फरक करतात. एक धोका आणि दुसरी वंचना. मारहाणीच्या वातावरणात वाढलेले मूल समोरच्याच्या चेहऱ्यावरचा राग इतरांपेक्षा लवकर टिपते, सतत सावध राहते. ज्या मुलाशी कोणी बोलतच नाही, खेळतच नाही, त्याचे नुकसान वेगळे असते. त्याची भाषा, स्मरण आणि शिकण्याची क्षमता मागे पडते. उपेक्षेचे वळ अंगावर दिसत नाहीत, म्हणून ती कमी घातक ठरत नाही.

पण हे आघातामुळेच होते, हे सिद्ध कसे झाले?

ही शंका रास्त आहे. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. ज्या घरात मारहाण असते तिथे अनेकदा गरिबी असते, आजारपण असते, आनुवंशिक कारणेही असू शकतात. आणि एखाद्या मुलाला मुद्दाम आघात देऊन प्रयोग करता येत नाही. या प्रश्नाचे सर्वांत भक्कम उत्तर रोमानियातून मिळाले.

रोमानियाचा हुकूमशहा निकोलाय चाउशेस्कू याने लोकसंख्या वाढवण्यासाठी १९६६ मध्ये गर्भपातावर जवळपास पूर्ण बंदी घातली. गरीब कुटुंबांना इतकी मुले पोसणे शक्य नव्हते. ती सरकारी बालगृहांत दाखल होऊ लागली. १९८९ मध्ये त्याची राजवट कोसळली तेव्हा एक लाखाहून अधिक मुले अशा संस्थांत असल्याचे जगाला कळले. त्यांना खायला मिळत होते, कपडे मिळत होते. पण एकेका कर्मचाऱ्याकडे डझनभर मुले, त्यातही पाळी बदलली की माणूस बदलणार. रडल्यावर उचलून घेणारे ओळखीचे माणूस नसल्याने अनेक बाळांनी रडणेच सोडून दिले होते.

चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना या अमेरिकी संशोधकांनी २००० च्या सुमारास राजधानी बुखारेस्टमध्ये अभ्यास सुरू केला. संस्थांतील ६ ते ३१ महिने वयाची १३६ मुले निवडण्यात आली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने त्यातील निम्मी मुले, म्हणजे ६८ जण, खास तयार केलेल्या पालक कुटुंबांत पाठवण्यात आली. उरलेल्यांची देखभाल पूर्वीप्रमाणे सुरू राहिली. त्या शहरात तेव्हा पालक कुटुंबांची व्यवस्था जवळपास नव्हतीच, ती संशोधकांनी उभी केली. संस्थेतील एखाद्या मुलाला पुढे घर मिळाले, तर त्याला अभ्यासासाठी अडवायचे नाही, हेही ठरलेले होते. तरीही उरलेल्या मुलांचे काय, हा नैतिक प्रश्न या अभ्यासाला कायम विचारला गेला.

साडेचार वर्षांच्या वयात या मुलांची बुद्धिमापन चाचणी झाली. संस्थेच्या गटातील मुलांची सरासरी ७३, पालक कुटुंबांत गेलेल्यांची ८१, तर जन्मापासून स्वतःच्या घरी वाढलेल्या मुलांची १०९ होती. मुले चिठ्ठीने विभागलेली असल्यामुळे पहिल्या दोन गटांतील फरक आनुवंशिकतेचा किंवा गरिबीचा म्हणता येत नव्हता. तो कुटुंबाचा होता. जी मुले दोन वर्षांची होण्याआधी कुटुंबात गेली, त्यांच्यात सुधारणा अधिक दिसली. माणसाशी जिव्हाळ्याचे नाते जोडण्याच्या बाबतीत आणि मेंदूच्या विद्युत लहरींमध्ये हा फरक ठळक होता. सुमारे १२ व्या वर्षी ताणाला शरीर कसा प्रतिसाद देते हे तपासले, तेव्हा संस्थेत राहिलेल्या मुलांचा प्रतिसाद बोथट झालेला आढळला, तर लवकर कुटुंब मिळालेल्यांचा बराचसा सामान्य होता. पुढे रोमानियाने दोन वर्षांखालील मुलांना, गंभीर अपंगत्वाचा अपवाद वगळता, संस्थेत ठेवण्यास कायद्याने मनाई केली.

तरुणपणी हे परिणाम कोणत्या रूपात दिसतात?

बहुतेक वेळा ते आघात म्हणून ओळखूच येत नाहीत. शाळेत अशा मुलाला ‘लक्ष नाही’, ‘आगाऊ’ किंवा ‘मठ्ठ’ अशी विशेषणे लागतात. महाविद्यालयात ते गैरहजेरी आणि राहिलेल्या विषयांच्या रूपात दिसतात. नोकरीत वरिष्ठाने आवाज चढवला की हातपाय गार पडतात किंवा उलट राग अनावर होतो. नात्यांत कोणावरच विश्वास बसत नाही, नाही तर समोरचा सोडून जाईल या भीतीने त्याला घट्ट धरून ठेवले जाते. झोप लागत नाही, पोट बिघडते, डोके दुखते आणि तपासण्यांत काही सापडत नाही. दारू, तंबाखू, गांजा ही अनेकांसाठी मौज नसून स्वतःला शांत करण्याचा हाताशी असलेला उपाय असतो.

‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’ या नियतकालिकात २०१७ मध्ये ३७ अभ्यासांचे, म्हणजे अडीच लाखांहून अधिक लोकांच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. चार किंवा अधिक प्रतिकूल अनुभव असलेल्यांमध्ये लठ्ठपणा आणि मधुमेहाशी असलेला संबंध सौम्य, धूम्रपान आणि हृदयरोगाशी मध्यम, तर मानसिक आजारांशी ठळक आढळला. सर्वांत ठळक संबंध अमली पदार्थांचे व्यसन आणि हिंसा यांच्याशी होता. ही हिंसा इतरांवरचीही आणि स्वतःवरचीही. म्हणजेच या आघाताची झळ पुढच्या पिढीतील मुलांपर्यंत पोहोचण्याचा मार्गही इथूनच जातो.

मग बालपण बिघडले की आयुष्य बिघडलेच?

नाही. समाजमाध्यमांवर ‘तुमचा एस स्कोअर किती?’ अशा चाचण्या फिरतात आणि अनेक तरुण चार-पाच गुण मिळाल्यावर हादरून जातात. हे गुणांकन लोकसमूहांच्या अभ्यासासाठी तयार झाले होते. ते एकट्या व्यक्तीचे भवितव्य सांगू शकत नाही. मूळ अभ्यासाचे सहलेखक अँडा यांनीच २०२० मध्ये या गैरवापराबद्दल सावध केले. एकदा घडलेला प्रसंग आणि दहा वर्षे चाललेला छळ या दोन्हींना त्यात एकच गुण मिळतो. शिवाय आधार देणारी आजी होती का, हा प्रश्न त्यात नाहीच.

स्मरणाचीही मर्यादा आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १६ अभ्यासांच्या विश्लेषणात असे दिसले, की ज्यांच्या छळाची नोंद बालपणीच झाली होती त्यांतील निम्म्याहून अधिक लोकांनी मोठेपणी तो सांगितला नाही. उलट, मोठेपणी छळ झाल्याचे सांगणाऱ्यांतील निम्म्याहून अधिक जणांची बालपणी नोंद नव्हती. याचा अर्थ ते खोटे बोलतात असा नाही. मुलांवरचे अनेक अत्याचार नोंदीपर्यंत पोहोचतच नाहीत.

सर्वांत दिलासा देणारा अभ्यास हवाई बेटसमूहातील काउआई बेटाचा आहे. मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा जन्मापासून चाळिशीपर्यंत मागोवा घेतला. त्यातील सुमारे एक तृतीयांश मुलांच्या वाट्याला गरिबी, घरातील कलह, पालकांचे व्यसन किंवा मानसिक आजार अशा अनेक अडचणी होत्या. या जोखमीच्या गटातील दर तीन मुलांपैकी एक जण कर्तबगार, आत्मविश्वास असलेला आणि इतरांची काळजी घेणारा प्रौढ झाला. या मुलांच्या आयुष्यात आई-वडील नसले तरी आजी-आजोबा, मोठे भावंड, शिक्षक किंवा शेजारी असे किमान एक विश्वासाचे माणूस होते. पौगंडावस्थेत वाट चुकलेल्यांपैकीही अनेक जण पुढे शिक्षण, नोकरी, चांगला जोडीदार अशा दुसऱ्या संधींमुळे सावरले.

उपचार आणि आधार कसा असावा?

मुलाच्या बाबतीत काही घडल्यास पहिली गरज सुरक्षिततेची असते. त्रास देणारी व्यक्ती घरातच वावरत असेल तर समुपदेशनाचा उपयोग होत नाही. त्यानंतर दिनक्रम महत्त्वाचा. ठरलेल्या वेळी जेवण, झोप आणि शाळा. पुढे काय होणार हे कळले की शरीर सैल सोडता येते. मूल बोलू लागले तर ऐकून घ्यावे, त्यावर विश्वास ठेवावा, ‘यात तुझी चूक नाही’ हे स्पष्ट सांगावे. बोलत नसेल तर खोदून विचारू नये. पाहुण्यांसमोर तोच प्रसंग पुन्हा पुन्हा सांगायला लावणे तर टाळायलाच हवे.

काही आठवड्यांनंतरही दचकून उठणे, अंथरूण ओले करणे, शाळा टाळणे, गप्प होणे किंवा आक्रमक होणे सुरू राहिले तर तज्ज्ञांकडे जावे. आघातानंतरची लक्षणे असलेल्या मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत आघात-केंद्रित बोधात्मक वर्तन उपचारपद्धती आणि ‘ईएमडीआर’ यांची शिफारस केली आहे. पहिल्या पद्धतीत मुलाबरोबर पालकालाही सत्रांत सहभागी करून घेतात. मोठेपणी उपचार घेतल्यानेही फरक पडतो, त्यामुळे ‘आता काय उपयोग’ असे म्हणण्याचे कारण नाही.

महाराष्ट्रात काय व्यवस्था आहे?

बुखारेस्टचा धडा आपल्याकडे कायद्यात आला आहे. बालन्याय कायदा, २०१५ नुसार मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा पर्याय मानला जातो. आई-वडील गमावलेले, एकच पालक असलेले किंवा पालक सांभाळू शकत नसलेले मूल नातेवाइकांकडे वा दुसऱ्या कुटुंबात वाढावे, यासाठी राज्यात क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. तिच्याअंतर्गत मुलामागे दरमहा २,२५० रुपये दिले जातात. त्यासाठी जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालय किंवा बालकल्याण समितीकडे अर्ज करता येतो. वडिलांनी आत्महत्या केलेल्या शेतकरी कुटुंबातील मुलासाठी ही रक्कम मोठी नाही. पण मूल आजीकडे राहणार की वसतिगृहात जाणार, हे अनेक घरांत एवढ्याशा रकमेवर ठरू शकते.

संकटातील मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे. मानसिक आरोग्यासाठी ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी ‘मैत्री’ क्लिनिक आहेत. अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर ‘पोक्सो’ कायद्यानुसार त्याची माहिती पोलिसांना देणे बंधनकारक आहे. घरची बदनामी हे गप्प बसण्याचे कारण होऊ शकत नाही.

योजना आणि क्रमांक आवश्यक आहेत, पण मुलाच्या आयुष्यात रोज हजर असणारे माणूस ते देऊ शकत नाहीत. ते माणूस मावशी असू शकते, वर्गशिक्षक असू शकतात, मैदानावरचे प्रशिक्षक किंवा शेजारच्या काकू असू शकतात. मूल विसरून जाईल याची वाट पाहण्यापेक्षा, ‘त्याच्याजवळ आत्ता कोण आहे?’ एवढा प्रश्न विचारणे अधिक उपयोगाचे आहे. उत्तर ‘कोणीच नाही’ असे येत असेल, तर ती जागा आपणही भरू शकतो.